चेतापेशींचा संवाद ऐकणारी ४८ वेलची प्लेट: चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

मेंदूतील पेशी एकमेकींशी कशा बोलतात आणि एखादे औषध, एखादे विषारी द्रव्य किंवा जनुकातील एखादा बिघाड त्या बोलण्यात कोठे अडथळा आणतो, हे एकाच वेळी अनेक नमुन्यांवर तपासता यावे म्हणून आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेने चार वर्षांपूर्वी ४८ वेलची (वेल म्हणजे पेशी वाढवण्याचा छोटा खळगा) सूक्ष्म-इलेक्ट्रोड प्लेट वाचणारे यंत्र घेतले. तेव्हापासून आठवड्यातून किमान तीन दिवस मी त्या यंत्राबरोबर काम करते. या परीक्षणात कंपनीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. बाजारात मिळणारी या जातीची यंत्रे रचनेने बरीचशी सारखी आहेत, आणि मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही एका कंपनीपुरते मर्यादित नसून या पद्धतीविषयी आहे. असे यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्या महाविद्यालयीन विभागांना आणि छोट्या औषध-संशोधन गटांना उपयोग व्हावा, हा लिहिण्यामागचा हेतू.

माझे मत आधी सांगते. पेशींच्या सबंध जाळ्याचे बोलणे वाढले, मंदावले की विस्कटले, हे पेशींना न टोचता, त्यांच्यात रंगद्रव्य न भरता, तीच प्लेट आठवडेच्या आठवडे वापरून सांगण्याच्या बाबतीत या यंत्राला तोड नाही. मात्र बोलण्यात नेमके कोठे काय बदलले, सांगणाऱ्या पेशीने सांगायचे थांबवले की ऐकणाऱ्या पेशीला ऐकू येईनासे झाले, हे ते सांगत नाही. हा भेद ध्यानात घेऊन खरेदी केली तर पैसे सार्थकी लागतात. आम्ही तो भेद ठेच लागल्यावर शिकलो.

प्रथम वस्तूविषयी. प्लेट हाताच्या पंजाएवढी, नेहमीच्या पेशीसंवर्धनाच्या प्लेटच्याच मापाची असते. सहा ओळी आणि आठ रकाने मिळून ४८ वेल. प्रत्येक वेलच्या तळाशी चार गुणिले चार अशा चौकटीत १६ इलेक्ट्रोड असतात, म्हणजे एका प्लेटवर ७६८. प्रत्येक इलेक्ट्रोड हा सुमारे ५० मायक्रोमीटर व्यासाचा धातूचा ठिपका असतो. पेशी त्या ठिपक्यावर किंवा त्याच्या आसपास वाढतात, आणि एखादी पेशी उद्दीपित झाली की तिच्या बाहेरील द्रवात उमटणारा, काही दशक ते काही शे मायक्रोव्होल्टचा सूक्ष्म बदल इलेक्ट्रोड टिपतो. या एका ठिणगीला आम्ही स्पाइक म्हणतो. यंत्र प्लेटला ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड पुरवते आणि प्रत्येक इलेक्ट्रोडची नोंद सेकंदाला १२,५०० वेळा घेते. हिशेब केला तर सेकंदाला ९६ लाख नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला दोन बाइट धरले तर दहा मिनिटांचे एक रेकॉर्डिंग साडेअकरा गिगाबाइटच्या घरात जाते. यंत्राच्या कोटेशनमध्ये साठवणुकीचा खर्च सहसा नसतो. तो आधीच धरून ठेवावा, कारण पहिल्या सहा महिन्यांतच आमच्या डिस्क भरल्या आणि कच्ची नोंद ठेवायची की केवळ स्पाइकच्या वेळा ठेवायच्या, हा निर्णय घाईत घ्यावा लागला. कच्ची नोंद किमान शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. स्पाइक ओळखण्याची मर्यादारेषा नंतर बदलावीशी वाटली तर दुसरा उपाय उरत नाही.

यंत्राचे माहितीपत्रक वाचून वाटते की सगळी करामत त्या पेटीत आहे. प्रत्यक्षात निम्मे यश पहिल्या दिवशीच्या एका थेंबात असते. आम्ही प्राणी-नीतिशास्त्र समितीच्या परवानगीने १८ दिवसांच्या उंदीर-भ्रूणाच्या मेंदूच्या बाह्यपटलातून पेशी घेतो. इलेक्ट्रोडची चौकट आधी पॉलिइथिलिनइमाइनने लेपावी लागते, मग ती अनेकदा धुवावी लागते, कारण त्या लेपाचा उरलेला अंश पेशींना घातक असतो. त्यानंतर लॅमिनिन हे पेशी चिकटायला मदत करणारे प्रथिन मिसळलेल्या द्रवात साधारण पन्नास हजार ते एक लाख पेशी घेऊन सुमारे १० मायक्रोलिटरचा एकच थेंब बरोबर चौकटीच्या मधोमध ठेवायचा. तो पसरून कडेच्या संदर्भ-इलेक्ट्रोडपर्यंत गेला तर पेशी विरळ होतात आणि त्या वेलचा काही उपयोग उरत नाही. आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञ ताई नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, “थेंब सोडायचा नाही, ठेवायचा.” पिपेटचे टोक तळाला न टेकवता तळाच्या इतके जवळ न्यायचे की थेंब टोकाला असतानाच खाली चिकटावा, आणि मग पिपेट सरळ वर उचलायची. थेंब ठेवल्यावर तासभर प्लेट इन्क्युबेटरमध्ये तशीच राहू द्यायची आणि नंतर माध्यम (पेशींचा पोषक द्रव) वेलच्या भिंतीवरून सावकाश, दोन टप्प्यांत घालायचे. घाईने घातलेले माध्यम चिकटू पाहणाऱ्या पेशींना उचलून नेते आणि इलेक्ट्रोडवर उघडा तळ उरतो.

एवढा लहान थेंब पुण्याच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत काही मिनिटांत सुकू लागतो. वेलच्या भोवतीच्या कप्प्यांत निर्जंतुक पाणी भरणे हे माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेले काम आमच्याकडे उन्हाळ्यात जीवनमरणाचे ठरते. कडेच्या वेलमधील माध्यम आटले की क्षारांचे प्रमाण वाढते आणि पेशींचे वागणे औषधाविनाच बदलते. पहिल्या वर्षी कडेच्या वेलमधील स्पाइक मधल्या वेलपेक्षा सातत्याने वेगळे येत होते. ते औषधाच्या मात्रेमुळे असावे असे आम्ही धरून चाललो होतो, कारण सर्वांत मोठी मात्रा नेमकी शेवटच्या रकान्यात होती. तेव्हापासून मात्रांची जागा प्रत्येक प्लेटवर चिठ्ठ्या टाकून ठरवली जाते आणि नियंत्रणाचे (औषध न घातलेले) वेल कडेला आणि मध्ये असे दोन्हीकडे असतात.

पेशी रुजल्यानंतरचा काळ मात्र पाहण्यासारखा असतो. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत पडद्यावर एखाददुसरा इलेक्ट्रोड मधूनच चमकतो. प्रत्येक पेशी आपापली बोलत असते. दहाव्या दिवसाच्या सुमारास एकाच इलेक्ट्रोडवर स्पाइकच्या छोट्या सरी दिसू लागतात, त्यांना बर्स्ट म्हणतात. आणि चौदाव्या दिवसाच्या आगेमागे एक सकाळ अशी येते की सोळाच्या सोळा इलेक्ट्रोड एकदम पेटतात, काही सेकंद शांत होतात आणि पुन्हा एकदम पेटतात. एकमेकींपासून तोडून, सुट्या करून, द्रवाच्या थेंबात ठेवलेल्या पेशींनी दोन आठवड्यांत पुन्हा एकमेकींना शोधले, त्यांच्यात चेतासंधी (एकीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवणारे सांधे) जुळल्या आणि सबंध जाळे एका लयीत आले, हे त्या पडद्यावर दिसते. चार वर्षांनंतरही ती सकाळ माझ्यासाठी शिळी झालेली नाही.

हे एकत्र पेटणे खरोखर चेतासंधींमधूनच होते ना, हे तपासण्याची सोय या पद्धतीत फार चांगली आहे, आणि खरेदीनंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाने ती तपासणी करावी. टेट्रोडोटॉक्सिन हे विष १ मायक्रोमोलर मात्रेत घातले की स्पाइक उमटवणाऱ्या सोडियम वाहिन्या बंद होतात आणि सर्व वेल क्षणात मुके होतात. जो इलेक्ट्रोड त्यानंतरही काही नोंदवत राहतो तो गोंगाट नोंदवत असतो, आणि त्याला पुढील हिशेबातून वगळायला हवे. सीएनक्यूएक्स हे रसायन ग्लुटामेट या उद्दीपित करणाऱ्या संदेशद्रव्याच्या एका ग्राहकाला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) अडवते; ते घातल्यावर सुटे स्पाइक उरतात, पण एकत्र पेटणे विस्कटते. बायक्युक्युलिन गाबा या संदेशद्रव्याच्या ग्राहकाला अडवते, म्हणजे शांत करणारा आवाज काढून घेते, आणि पक्व जाळ्यात बर्स्ट मोठे व अधिक एकसंध होतात. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. कोवळ्या चेतापेशींमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त असल्यामुळे गाबा शांत करण्याऐवजी पेशीला उद्दीपनाकडे ढकलतो. म्हणून सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी बायक्युक्युलिनने दिलेले उत्तर सारखे नसते, आणि ज्यांनी ही चाचणी घाईने लवकर उरकली त्यांना प्लेट बिघडली असे वाटू शकते.

मानवी मूलपेशींपासून तयार केलेल्या चेतापेशी वापरणार असाल तर वेळापत्रक वेगळे धरा. त्यांचे जाळे जुळायला उंदराच्या पेशींपेक्षा कितीतरी अधिक आठवडे लागतात, आणि तारापेशी (मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) सोबत नसतील तर जाळे कायम दुबळे राहते. तारापेशींचा हा वाटा १९९७ मध्ये फ्रीगर आणि बारेस यांनी दृष्टिपटलातील चेतापेशींवर दाखवून दिला होता: तारापेशी नसताना त्या पेशी जगल्या, पण त्यांच्यातील संधी कमजोर राहिल्या. प्लेटवर हाच धडा रोज दिसतो. तारापेशींची एक तुकडी नीट वाढली नाही तर पुढचे सहा आठवडे वाया जातात.

आता त्या ठेचेविषयी. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एका रसायनशास्त्र विभागाने तयार केलेली काही संयुगे तपासणीसाठी आली. त्यांपैकी एकाने नेटवर्क बर्स्ट, म्हणजे सबंध जाळ्याचे एकत्र पेटणे, ठळकपणे कमी केले. मात्रा वाढवली की परिणाम वाढत होता, माध्यम बदलले की जाळे पूर्वपदावर येत होते, आणि माध्यमातील एलडीएचच्या (मरणाऱ्या पेशींतून गळणाऱ्या विकराच्या) मोजणीवरून पेशी मरत नाहीत हेही कळले होते. आम्ही आनंदाने मानून चाललो की हे संयुग ग्लुटामेटच्या ग्राहकाला अडवते. दोन महिने त्याच दिशेने गेले. अखेर शेजारच्या खोलीतील पॅच क्लॅम्पवर, म्हणजे पेशीतील विद्युतप्रवाह थेट मोजणाऱ्या यंत्रावर, एकेका पेशीची तपासणी केली तेव्हा चित्र स्पष्ट झाले: चेतासंधीवरून येणारे लघुप्रवाह जसेच्या तसे होते, सोडियमचा प्रवाह मात्र घटला होता. पेशीला तोंड उघडणेच जड जात होते, तिच्या कानात काहीच बिघाड नव्हता. इलेक्ट्रोड-प्लेटवर या दोन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की प्लेटवर निवडलेल्या प्रत्येक संयुगाची, निष्कर्षाचा एक शब्दही लिहिण्यापूर्वी, पॅच क्लॅम्पवर तपासणी व्हायला हवी.

पॅच क्लॅम्प ही पद्धत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये मांडली. काचेच्या अतिसूक्ष्म नळीचे तोंड पेशीच्या पटलाला चिकटवून एकेका आयन-वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजण्याच्या या कामाला १९९१ चे नोबेल मिळाले. अचूकतेत आजही तिची बरोबरी दुसरी पद्धत करू शकत नाही. पण कसलेल्या हाताला दिवसभरात मोजक्याच पेशी मिळतात, आणि चाळायची संयुगे शेकडो असतील तर ती वाट धरता येत नाही. ‘मग स्वयंचलित पॅच क्लॅम्प का घेतला नाही?’ असे मला अनेकांनी विचारले. ती यंत्रे एका वेळी ३८४ पेशींपर्यंत मोजतात आणि आयन-वाहिन्यांच्या कामासाठी फार उत्तम आहेत. परंतु त्यांना द्रवात तरंगणाऱ्या, गोल, सुट्या पेशी लागतात. चेतापेशीला तिच्या शाखांपासून आणि शेजारणींपासून तोडून त्या यंत्रात घातले की ज्या संवादाचा अभ्यास करायचा तोच संपतो. वाहिनीचा अभ्यास आणि संवादाचा अभ्यास यांतील हा फरक विक्रेत्याचे प्रतिनिधी क्वचितच समजावून सांगतात.

खरी स्पर्धा आहे ती कॅल्शियमच्या प्रकाशचित्रणाशी. पेशी उद्दीपित झाली की तिच्यात कॅल्शियम शिरते. फ्लुओ-४ सारखे रंगद्रव्य किंवा जीकॅम्पसारखे जनुकाने बनवलेले प्रथिन त्या कॅल्शियमला बांधले गेले की अधिक उजळते, आणि कॅमेरा सबंध प्लेट एकदम पाहतो. एका सरकारी संस्थेतील सामाईक सुविधेत मी या पद्धतीने ३८४ वेलच्या प्लेट वाचल्या आहेत. वेगाचा विचार केला तर इलेक्ट्रोड-प्लेट तिच्या जवळपासही जात नाही. शिवाय तिथे साधी प्लास्टिकची प्लेट चालते, त्यामुळे प्रत्येक वेलमागे येणारा खर्च फारच कमी. हजारो संयुगांची पहिली चाळण करायची असेल तर मी निःसंकोचपणे कॅल्शियमची पद्धत सुचवीन. तिची मर्यादा वेळेच्या बारकाव्यात आहे. एक स्पाइक एकदोन मिलिसेकंदांत उरकतो, पण त्याने उमटवलेला कॅल्शियमचा उजेड विझायला शेकडो मिलिसेकंद लागतात. बर्स्टमधील स्पाइक एकमेकांत मिसळून एकच डोंगर दिसतो. दहा स्पाइक होते की वीस, कोणती पेशी आधी बोलली, हे त्या डोंगरावरून सांगता येत नाही. रंगद्रव्य भरलेल्या पेशी काही तासांत थकतात, म्हणून आज मोजलेली प्लेट पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजण्याचा प्रश्नच येत नाही. जीकॅम्पने तो प्रश्न बराच सुटतो, परंतु विषाणू-वाहकाने जनुक पेशीत घालण्याची तयारी आणि त्यासाठी लागणारी जैवसुरक्षेची परवानगी दोन्ही हाताशी असावे लागते.

ज्यांना प्रत्यक्ष संदेशच पाहायचा आहे त्यांच्यासाठी आणखी नेमकी साधने आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले आयग्लूस्निफर हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसते आणि ग्लुटामेट येऊन पोहोचले की उजळते; म्हणजे बोलणाऱ्याने शब्द उच्चारला का, हे थेट दिसते. त्याआधी १९९८ मध्ये मीझनबॉक आणि सहकाऱ्यांनी तयार केलेले सिनॅप्टो-पीएच्लुओरिन हे संदेशाची पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडली की प्रकाशते, कारण पिशवीच्या आतील आम्लता त्या क्षणी नाहीशी होते. आमच्या त्या चकवणाऱ्या संयुगाचे कोडे या दोन साधनांनी पॅच क्लॅम्पइतकेच चांगले सुटले असते. मात्र त्यांना चांगला सूक्ष्मदर्शक, वेगवान कॅमेरा आणि प्रतिमांचे विश्लेषण करू शकणारा माणूस लागतो, आणि यांतील शेवटची गोष्ट मिळणे सर्वांत अवघड.

येथे थोडे विषयांतर करते, कारण स्क्रीनिंग, म्हणजे अशी चाळण, ही केवळ महागडी पेटी हा समज मला खटकतो. चेतापेशींच्या संवादाविषयीची काही अत्यंत मोलाची माहिती फळमाशांना ऊब देऊन मिळालेली आहे. फळमाशांमध्ये जनुकीय बदल घडवायचे, त्यांना नेहमीपेक्षा काही अंश अधिक तापमानात ठेवायचे आणि कोणत्या माशा लुळ्या पडून तळाशी गोळा होतात ते पाहायचे. थंड केल्यावर ज्या पुन्हा उडू लागतात त्यांच्यात बहुधा चेतासंदेशाच्या यंत्रणेतील एखादा भाग उष्णतेने बंद पडत असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा पाया घालणारे ओबेद सिद्दिकी यांनी सेमूर बेंझर यांच्यासमवेत १९७६ मध्ये अशा माशांच्या चेतासंदेशांतील बिघाडांवरचे काम प्रसिद्ध केले. ‘शिबिरे’ नावाच्या माशीच्या जातीत संदेशाच्या रित्या पिशव्या पुन्हा भरण्यासाठी आत ओढल्या जात नाहीत, हे पुढे कळले, आणि त्यातून डायनॅमिन या प्रथिनाचे काम उलगडले. कोमाटोज या जातीतील दोष पिशव्यांच्या विलयनासाठी लागणाऱ्या एनएसएफ प्रथिनाच्या जनुकात निघाला. बाटली, गरम पाणी आणि नीट पाहणारा डोळा एवढ्यावर ही चाळण उभी होती. ती इतकी फलदायी ठरली याचे कारण मला असे वाटते की प्रश्न एकच होता आणि उत्तर ‘पडली’ किंवा ‘उभी राहिली’ इतके स्वच्छ होते.

आमच्या यंत्राबरोबर येणारे सॉफ्टवेअर नेमके याच्या उलट वागते. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून ते प्रत्येक वेलसाठी कित्येक डझन आकडे काढून देते: स्पाइकचा सरासरी वेग, बर्स्टची संख्या, बर्स्टचा कालावधी, बर्स्टमधील स्पाइक, दोन बर्स्टमधील अंतर, इलेक्ट्रोडमधील एकसंधता आणि असे बरेच काही. एवढ्या आकड्यांत कुठे ना कुठे फरक सापडणारच. विद्यार्थ्याने प्रयोग झाल्यावर त्यांतून आवडेल तो आकडा उचलायचा, हा मोह फार मोठा आहे. कोणता आकडा निर्णायक मानायचा हे प्लेट लावण्याआधी वहीत तारखेसह लिहिले पाहिजे, असा आमचा नियम आहे. आम्ही बहुतेक प्रयोगांत नेटवर्क बर्स्टचा मिनिटाचा वेग घेतो आणि तो त्याच वेलच्या औषधापूर्वीच्या वेगाशी ताडून पाहतो, कारण शेजारशेजारच्या दोन वेलच्या मूळ वेगातही दुपटीचा फरक असू शकतो.

बर्स्टची व्याख्याही तपासून घ्यावी. लागोपाठचे किमान पाच स्पाइक, त्यांतील अंतर १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी, हा नेहमीचा निकष उंदराच्या पक्व पेशींना बरोबर लागू पडतो. मानवी पेशींच्या सावकाश सुरुवातीच्या आठवड्यांत तोच निकष लावला तर अस्तित्वात असलेले बर्स्ट सॉफ्टवेअरला दिसत नाहीत. त्याहून गंभीर चूक संख्याशास्त्राची आहे आणि ती मी प्रसिद्ध झालेल्या निबंधांतही पाहिली आहे. एका वेलमधील १६ इलेक्ट्रोड म्हणजे १६ स्वतंत्र नमुने नव्हेत. ते एकाच जाळ्यात बसलेले १६ कान आहेत. एकाच मादीच्या भ्रूणांपासून भरलेले ४८ वेलही पूर्णपणे स्वतंत्र नसतात. किमान तीन वेगवेगळ्या वेळी केलेल्या पेशींच्या तयारीवर परिणाम टिकला तरच तो परिणाम मानावा.

चाळणीची गुणवत्ता मोजण्यासाठी १९९९ मध्ये झँग, चुंग आणि ओल्डनबर्ग यांनी सुचवलेला झेड-प्राइम हा आकडा सर्वत्र वापरतात. दोन टोकांच्या नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांची बेरीज तिप्पट करायची, तिला त्यांच्या सरासरींतील अंतराने भागायचे आणि आलेली संख्या एकातून वजा करायची, उत्तर ०.५ च्या वर आले तर चाळणी उत्तम समजली जाते. टेट्रोडोटॉक्सिनसारखे सर्व काही बंद करणारे द्रव्य नियंत्रण म्हणून घेतले की हा आकडा सहज चांगला येतो, आणि माहितीपत्रकात तोच झळकतो. पण आपल्याला शोधायचे असतात ते मधले, सौम्य परिणाम. खरेदीपूर्व प्रात्यक्षिकात सौम्य परिणाम करणारे द्रव्य आपण स्वतः नेऊन तपासून पाहावे आणि त्याचा आकडा मागावा.

सेवेविषयी. यंत्र भक्कम आहे. चार वर्षांत मूळ प्रवर्धकाला काही झालेले नाही. आमचे त्रास भोवतालचे आहेत. पहिल्या महिन्यात सर्व इलेक्ट्रोडवर ५० हर्ट्झचा गुंजारव येत होता, तो भूमिजोड नीट केल्यावर गेला. त्यानंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी येणारा एक धक्का शोधायला आठवडा लागला आणि तो भिंतीपलीकडील डीप फ्रीझरच्या कॉम्प्रेसरचा निघाला. वीज जाणे आणि रात्री कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपणे या दोन्हींसाठी स्वतंत्र व्यवस्था करा, कारण तीन आठवडे जोपासलेली प्लेट अर्ध्या रात्रीत जाते. रेकॉर्डिंगपूर्वी प्लेट यंत्रात ठेवून किमान दहा मिनिटे थांबावे. नुसत्या हलवण्यानेही पेशी बिथरतात. माध्यम बदलल्यानंतर एक दिवस मोजू नये.

प्लेट एकदाच वापरायची असते, ती आयात होते, आणि खर्चाचा खरा भार तिथे आहे. आम्ही काटकसरीने जुन्या प्लेट विकरांनी धुऊन पुन्हा वापरून पाहिल्या. दुसऱ्या खेपेला अनेक वेलमध्ये गोंगाट वाढला आणि थेंबही नीट बसेना. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी धुतलेली प्लेट चालते, निष्कर्षासाठी नाही. एकदा एका पुरवठादाराकडून आलेल्या सबंध खोक्यातील प्लेटवर थेंब जागेवर न राहता पसरत होता. खोके उन्हाळ्यात गोदामात पडून राहिले असावे, असा आमचा अंदाज. बदली प्लेट मिळाल्या, परंतु चार महिन्यांनी, आणि एका विद्यार्थिनीचे सत्र त्यात गेले. म्हणून आलेल्या प्रत्येक खोक्यातील एका प्लेटच्या दोन-तीन वेलवर नुसत्या पाण्याचा थेंब ठेवून पाहावा आणि तक्रारीची मुदत संपण्याआधी छायाचित्रासह कळवावे. पारदर्शक तळाची प्लेट थोडी महाग पडते, तरी तीच घ्यावी. इलेक्ट्रोड मुका आहे तो पेशी गप्प आहेत म्हणून की तिथे पेशीच नाहीत म्हणून, हे सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत कळते.

विषशास्त्राच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ही पद्धत मी सर्वांत आग्रहाने सुचवीन. वाढत्या मेंदूवर रसायनांचा काय परिणाम होतो हे प्राण्यांवर तपासणे अत्यंत संथ आणि खर्चिक आहे. म्हणून पेशींवरील चाचण्यांचा जो संच उभा राहिला आणि ज्यावर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये प्राथमिक शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यात इलेक्ट्रोड-प्लेटवर जाळे कसे जुळते हे पाहण्याची चाचणी समाविष्ट आहे. पहिल्या दिवसापासून रसायन घालत जायचे आणि जाळे वेळेवर जुळते का हे एकाच प्लेटवर दोन आठवडे पाहायचे, हे काम ना कॅल्शियमच्या रंगद्रव्याने होते ना पॅच क्लॅम्पने. अपस्मारावरील औषधांचा शोध घेणाऱ्या गटांनाही तिचा उपयोग मोठा आहे, कारण बर्स्टची अतिरिक्त एकसंधता हाच तिथे मोजायचा विषय आहे. ज्यांना एकाच ग्राहकाचे किंवा एकाच वाहिनीचे संयुग शोधायचे आहे त्यांनी मात्र हे यंत्र घेऊ नये.

यंत्रासोबत विक्रेत्याने प्रकाशाने पेशी उद्दीपित करणारे झाकण आणि विश्लेषणाचे विस्तारित पॅकेज असे दोन्ही दिले होते. झाकण आम्ही वारंवार वापरतो आणि त्याबद्दल तक्रार नाही. पॅकेजचा वार्षिक परवाना यंदा आम्ही नूतनीकरणाला दिला नाही. स्पाइकच्या वेळांची फाइल मोफत प्रणालींमध्ये उघडता येते आणि बर्स्टची व्याख्या आपल्या हातात राहते. वाचलेल्या रकमेतून पॅच क्लॅम्पच्या टेबलासाठी कंपनरोधक पाय मागवले आहेत, कारण प्लेटवर निवडलेल्या संयुगांची रांग आता तिथे अडते आहे.